शेवटच्या पानावरील ओळ

साप्ताहिकाचा अंक हाती आला म्हणजे वाचक प्रथम मथळा पाहतो, मग कापसाचा आणि केळीचा भाव पाहतो, मग गावात कोणाचे लग्न ठरले, कोण वारले, कोणाच्या घराचा लिलाव पुकारला गेला, हे चवीने चाळतो, आणि अखेरीस अंकाची चौघडी करून तो गल्ल्याखाली किंवा उशीखाली सारून देतो. परंतु शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी, एक बारीक रेघ मारून, केसमधल्या सर्वांत लहान टायपात जी एक ओळ जुळवलेली असते, म्हणजे हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पेठेत, अमुक नंबरच्या घरी प्रसिद्ध केले, अशा धाटणीची, ती वाचणारा मनुष्य हजारात एक सापडला तरी पुष्कळ. मी ती वाचीत आलो आहे. सुरुवातीस चाळा म्हणून, आणि पुढे एखाद्या जुन्या दस्तऐवजाखालची सही निरखावी तशा जिज्ञासेने. कारण त्या ओळीतील नाव बदलले म्हणजे गावात काहीतरी घडलेले असते, हे मला फार लवकर कळले होते. भाऊ वेगळे निघालेले असतात, सावकाराने हात आखडलेला असतो, मुद्रक वारलेला असतो किंवा संपादकास परगावी नोकरी लागलेली असते. अंकात त्याची बातमी नसते. ती असते त्या ओळीत. पुढील पृष्ठांचा विषय हाच आहे: लहान गावातील साप्ताहिकाची मालकी कशास म्हणावे, ती कोणाकोणाच्या हातून गेली, आणि बऱ्हाणपूर, खांडवा आणि त्यांच्या सभोवारचा निमाड या मुलखाने तिचे कोणते प्रकार पाहिले.

बऱ्हाणपुरास वर्तमानपत्र येण्यापूर्वी वर्तमान लिहिणारे आले, हे येथे प्रथम सांगितले पाहिजे. फारुकी सुलतानांनी वसवलेले हे नगर १६०१ मध्ये असीरगडाबरोबर अकबराच्या अमलाखाली गेले, खानदेश सुभ्याचे ठाणे झाले, आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे दख्खनच्या प्रत्येक मोहिमेचा रस्ता तापीच्या या काठावरून गेला. १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो येथे शहाजादा परवेझच्या भेटीस आला. १६३१ मध्ये येथेच मुमताजमहल वारली आणि तिचा देह आग्र्यास नेईपर्यंत नदीपलीकडच्या झैनाबादेस आहुखान्यात तिची पहिली कबर होती. अशा ठाण्यातील बातमी बादशहास हवीच असे. त्यासाठी प्रत्येक सुभ्यात वाकेनवीस नेमलेला असे. तो खरे लिहितो की नाही हे पाहण्यासाठी सवानेहनिगार असे. आणि त्या दोघांवर नजर ठेवण्यासाठी खुफियानवीस. हे कागद दरबारी पोहोचत, आणि रात्री नऊच्या सुमारास महालातील स्त्रिया ते बादशहास वाचून दाखवीत, असे व्हेनिसचा प्रवासी मनुची याने लिहून ठेवले आहे. एका बातमीमागे तीन लेखण्या आणि तिचा वाचक एकच, असा हा मामला होता. बातमी ही सरकारची जिंदगी आहे, ती रयतेची नव्हे, ही समजूत या व्यवस्थेत इतकी मुरलेली होती की पुढे छापखाना आला, वाचक एकाचे हजार झाले, तरी ती पुरती निघून गेली नाही. आजही एखाद्या तालुक्याच्या गावी बातमीदार दिसला की कचेरीतील कारकून नकळत समोरची फाइल मिटतो. त्याला मी तरी वाकेनवीसाच्या काळची सवयच म्हणतो.

१७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, आणि १८६० मध्ये शहर इंग्रजांच्या हवाली झाले. १८६४ मध्ये निमाड मध्यप्रांतास जोडला गेला. ही राजकीय उलथापालथ येथे थोडक्यात आटोपण्यास हरकत नाही, कारण साप्ताहिकाच्या इतिहासास उपयोगी पडणारी गोष्ट यानंतर तीनच वर्षांनी घडली. ती म्हणजे १८६७ चा पंचविसावा कायदा. छापखाने आणि पुस्तकनोंदणी यांसंबंधीच्या या कायद्याने असे ठरवले की प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे आणि मुद्रणस्थळाचे नाव असले पाहिजे, आणि नियतकालिक काढणाऱ्या मुद्रक-प्रकाशकाने दंडाधिकाऱ्यापुढे जातीने उभे राहून प्रतिज्ञापत्र केले पाहिजे. शेवटच्या पानावरील ती ओळ येथे जन्मली. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की सरकारने लेखकास विचारले नाही, संपादकास विचारले नाही, मालकासही विचारले नाही. विचारले ते छापणाऱ्यास आणि विकणाऱ्यास. प्रत्येक अंकावर संपादकाचे नाव छापण्याची सक्ती व्हावयास १९२२ साल उजाडावे लागले. मधली पंचावन्न वर्षे कायद्याच्या दृष्टीने वर्तमानपत्र हा एक छापील माल होता, आणि मालाबद्दल जबाब देणारा इसम सापडला की सरकारचे काम भागत असे.

या व्यवस्थेचा परिणाम काय झाला, हे पाहण्यास निमाडाबाहेर, पुण्यास, क्षणभर जावे लागते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली ती काही मित्रांच्या सामायिक उत्साहावर. मालकी कोणाची, हा प्रश्न त्या उत्साहात कोणी विचारला नसावा, आणि मित्रमंडळीत तो विचारणे आपल्याकडे जरा हलकेपणाचे मानतात. आगरकर १८८७ मध्ये संपादकत्व सोडून गेले आणि पुढल्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. मागे टिळक, वासुदेवराव केळकर आणि हरि नारायण गोखले राहिले. आणि १८९१ मध्ये वाटणी झाली तेव्हा आर्यभूषण छापखाना केळकर-गोखल्यांकडे गेला, आणि पत्रे व त्यांवरील कर्ज टिळकांच्या वाट्यास आले. व्यवहार जाणणाऱ्या कोणत्याही मनुष्याने हा सौदा वेडेपणाचा ठरवला असता. छापखाना म्हणजे लोखंड, शिसे आणि रोजची मजुरी. पत्र म्हणजे वर्गणीदारांची वही आणि थकबाकी. परंतु याच वाटणीने मालकीचा खरा अर्थ उघड केला. १८९७ मध्ये खटला झाला तेव्हा टिळकांबरोबर छापखान्याचे केशव महादेव बाळ हेही आरोपीच्या पिंजऱ्यात होते. ज्युरीने बाळांस सोडले आणि टिळकांस दीड वर्षाची शिक्षा झाली. शिशाचा कारभारी सुटला, शब्दांचा मालक अडकला. कायद्याने प्रश्न विचारला होता मुद्रकाला. उत्तर मात्र दुसऱ्यानेच दिले.

आता खांडव्याकडे वळू. बऱ्हाणपुराहून ते रेल्वेने दीड-दोन तासांच्या वाटेवर, त्या काळी त्याच जिल्ह्याचे मुख्य ठाणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथून ‘सुबोध सिंधु’ हे मराठी साप्ताहिक निघत असे. शेजारच्या होशंगाबाद जिल्ह्यात हरद्यास ‘न्यायसुधा’ होते. नर्मदा-तापीच्या दुआबात, हिंदी आणि निमाडी बोलणाऱ्या मुलखात, मराठी साप्ताहिके कोणासाठी निघत, असा प्रश्न आजच्या पुणेकरास पडेल. त्याचे उत्तर कचेऱ्यांत, शाळांत, वकिलांच्या ओसऱ्यांवर आणि रेल्वेच्या चाळींत होते. मराठी अंमल गेला तरी मराठी कारकून, शिक्षक, वैद्य, सावकार गेले नव्हते. आणि बऱ्हाणपुराच्या बाबतीत तर पलीकडचा खानदेश हा परका मुलूख कधीच नव्हता. ‘सुबोध सिंधु’ पुढे हिंदीतही निघू लागला. आणि १९१२ मध्ये खांडव्याच्या शाळेतील एका तरुण शिक्षकाने त्यात ‘शक्तिपूजा’ नावाचा लेख लिहिला, त्यावरून प्रकरण राजद्रोहाच्या आरोपापर्यंत गेले. तो शिक्षक म्हणजे माखनलाल चतुर्वेदी. पुढल्याच वर्षी कालूराम गंगराडे यांनी खांडव्याहून ‘प्रभा’ मासिक काढले, त्याच्या संपादनात चतुर्वेदींनी हात घातला आणि मास्तरकीचा राजीनामा दिला. हिंदी साहित्याच्या इतिहासात ज्यांचे स्थान एवढे मोठे, त्यांची राजद्रोही म्हणून पहिली नोंद एका मराठी साप्ताहिकाच्या हिंदी अंगातून झाली, ही गोष्ट आपण मराठी लोक अभिमानाने सांगत नाही, आणि हिंदी लोकही क्वचितच सांगतात. सीमेवरील वस्तूचे असेच होते, तिला दोन्ही घरे आपली म्हणत नाहीत.

चतुर्वेदींनी संपादिलेल्या ‘कर्मवीर’ साप्ताहिकाची कथा मालकीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १७ जानेवारी १९२० रोजी ते जबलपुराहून सुरू झाले. मागे एक लिमिटेड मंडळी होती, आणि तिच्यामागे विष्णुदत्त शुक्ल आणि माधवराव सप्रे. सप्रे हे मराठी मातृभाषेचे गृहस्थ; दमोह जिल्ह्यातील पथरियाचा जन्म; १९०० मध्ये पेंड्र्यासारख्या आडगावाहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले, तेव्हा वामन बळीराम लाखे प्रकाशक आणि रामराव चिंचोलकर सहसंपादक, असे हिंदी मासिकाचे सारे बिऱ्हाड मराठी होते. मासिक तोट्यात जाऊन दोन-तीन वर्षांत थांबले. पुढे नागपुराहून ‘हिंदी केसरी’ काढल्याबद्दल १९०८ मध्ये त्यांस अटक झाली, घरच्यांच्या आग्रहाने त्यांनी माफी लिहून दिली, आणि त्या माफीचे शल्य त्यांनी पुढील आयुष्यभर वागवले. रायपुरास मधुकरी मागून राहिले, ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. ज्याच्या नावावर पत्र आहे त्याने एकदा सही केली की ती परत घेता येत नाही, हे सप्ऱ्यांइतके कोणालाच ठाऊक नसेल.

म्हणूनच ‘कर्मवीर’च्या प्रतिज्ञापत्राची जी कथा सांगतात ती मला नेहमी सप्ऱ्यांची कथा वाटत आली आहे. जबलपुरास दंडाधिकाऱ्यापुढे जावयाचे होते. परवानगी मिळण्यास अडचण येऊ नये म्हणून सप्ऱ्यांनी, पोटापाण्यासाठी एक हिंदी साप्ताहिक काढू इच्छितो, अशा सौम्य मजकुराचा कागद चतुर्वेदींच्या हाती दिला होता. समोरच्या गोऱ्या अधिकाऱ्याने विचारले की येथे एक इंग्रजी साप्ताहिक असताना आणखी एक कशाला? तेव्हा चतुर्वेदींनी खिशातला कागद खिशातच ठेवला आणि उत्तर दिले, त्याचा आशय असा की ते पत्र भीत भीत चालते, मला असे पत्र काढावयाचे आहे की ज्याने सरकार चालता चालता थांबावे. अधिकारी दिलदार निघाला आणि त्याने जामीन न मागता परवानगी दिली, असा कथेचा शेवट आहे. कथा थोडी रंगवलेली असेल. परंतु १९१० च्या छापखाना कायद्याखाली नव्या छापखान्याकडून पाचशेपासून दोन हजारांपर्यंत जामिनाची रक्कम मागता येत होती, आणि लहान गावातील पत्राचे एकंदर भांडवलच तेवढे नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे जामीन माफ होणे ही किती मोठी इनायत होती ते कळते. पुढे चतुर्वेदी तुरुंगात गेले, जबलपूरचे पत्र बंद पडले, आणि ४ एप्रिल १९२५ रोजी, त्यांच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, ‘कर्मवीर’ खांडव्याहून पुन्हा निघाले. जबलपुरास ते मंडळीचे होते. खांडव्यास ते एका मनुष्याचे झाले. मंडळीचे पत्र मंडळी मोडली की मोडते आणि मनुष्याचे पत्र मनुष्य थकला की थकते. लहान गावास या दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते, आणि निमाडाने बहुधा दुसऱ्याचीच निवड केली.

आता कायदा आणि चरित्रे बाजूस ठेवून छापखान्यातच जाऊ. माझ्या लहानपणी बऱ्हाणपुरात राजपुऱ्यातील एका बोळात असा एक छापखाना होता. खाली ट्रेडल, वर माळ्यावर कागद, भिंतीशी तिरप्या मांडलेल्या केसेस, आणि त्यांपुढे उभे राहून जुळारी हातातील स्टिकमध्ये खिळे बसवीत असे, खिडकीतून पडणाऱ्या उजेडाकडे पाठ करून. लग्नपत्रिका हिंदीत, उर्दूच्या पत्रिका शिळाप्रेसवाल्याकडे, गुजराती गिऱ्हाइकाच्या वह्या आणखी कोणाकडे. आणि साप्ताहिक मराठीत. केस मात्र हिंदीचीच. हिंदीच्या केसमध्ये ‘ळ’ला खण नसतो. मालकाने मुंबईच्या टाइप फाउंड्रीहून थोडे ‘ळ’ मागवून ते एका बिडीच्या डबीत वेगळे ठेवले होते. चार पानांपैकी तिसऱ्या पानाशी येईपर्यंत ते संपत. मग जुळारी पहिल्या पानाच्या गॅलीतून काढता येतील तेवढे उपसून आणी, आणि तेही न पुरल्यास ‘ल’वर निभावून नेई. एका जाहीर नोटिशीत ‘मूळ मालक’ याऐवजी ‘मूल मालक’ छापले गेले, आणि नोटीस देणाऱ्या सत्तर वर्षांच्या गृहस्थांनी छापखान्यात येऊन जो काही आवाज केला तो आमच्या आळीस बरेच दिवस पुरला. पुढल्या अंकात चूकभूल छापली. तीतही डबीतला शेवटचा ‘ळ’ खर्ची पडला असावा.

गुरुवारी संध्याकाळी अंक निघे. आम्हां मुलांचे काम घडी घालणे आणि पत्त्याच्या पट्ट्यांवर खळ लावणे हे होते. खळ मैद्याची, मोरचूद घातलेली, आणि तिचा वास शुक्रवारच्या शाळेपर्यंत बोटांना राही. त्या पट्ट्यांवरूनच मला प्रथम कळले की पत्राचे मालक अनेक असतात. काही पट्ट्यांवर तांबड्या शाईने फुली असे: हे थकबाकीदार. त्यांस व्ही. पी. पाठवावी तर ती परत येई आणि टपालखर्च अंगावर पडे. न पाठवावी तर ते फुकट वाचीत. तरी त्यांचे नाव वहीतून काढावयाचे नाही, कारण वर्गणीदारांचा आकडा घटला की जाहिरातीचा दर घटतो. म्हणजे जो पैसे देत नाही तोही पत्रास जिवंत ठेवण्यास आवश्यक, असे हे विलक्षण गणित. दुसरा मालक कागदवाला. त्याचे बिल तीन-तीन महिने तुंबलेले असे, आणि संपादकांच्या अग्रलेखातील भाषा व्यापाऱ्यांच्या साठेबाजीविषयी कितपत कडक असावी, हे त्या बिलावर अवलंबून राही. तिसरा आणि सर्वांत बळकट मालक म्हणजे कोर्ट-कचेरी. दिवाणी न्यायालयाचे समन्स, वारसाच्या दाखल्याचे इश्तेहार, नगरपालिकेच्या लिलावाच्या नोटिसा, हरवलेल्या मुखत्यारपत्राची जाहिरात, या कोरड्या मजकुराच्या उत्पन्नावर गावातील कविता, अग्रलेख आणि नाट्यपरीक्षणे पोसली जात. हा मजकूर कोणी वाचीत नसे. परंतु तो कोणत्या पत्रास द्यावा हे ठरवणारा कचेरीतील मनुष्य अग्रलेख मात्र जरूर वाची. मनुचीच्या काळी बातमी रात्री नऊ वाजता बादशहापुढे वाचली जाई. आमच्या गावी ती शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कोणाच्यातरी टेबलावर वाचली जात असे, एवढाच फरक.

ही लपलेली मालकी उजेडात आणण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न स्वतंत्र भारतात झाला, आणि तो एका मराठी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली झाला. १९५२ मध्ये नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे ग. स. राजाध्यक्ष होते. १९५४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातून निबंधकाचे कार्यालय १९५६ मध्ये उभे राहिले, आणि त्याच वर्षीच्या नियमांतील आठव्या नियमाने प्रत्येक वृत्तपत्रास, फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवसानंतर निघणाऱ्या पहिल्या अंकात, चौथ्या नमुन्यातील निवेदन छापणे भाग पाडले: प्रकाशनस्थळ, नियतकालिकता, मुद्रक, प्रकाशक, संपादक, यांची नावे, राष्ट्रीयत्व आणि पत्ते, आणि पत्राचे मालक व एकूण भांडवलात एक टक्क्याहून अधिक हिस्सा असणारे भागीदार. मोठ्या पत्रांच्या बाबतीत या यादीस अर्थ होता. तेथे एका संपादकामागे मिल, बँक, साखर असे बरेच काही उभे असू शकत होते. लहान साप्ताहिकात मात्र चारही कलमांपुढे एकच नाव पुन्हा पुन्हा येई, आणि पत्त्यापुढे ‘वरीलप्रमाणे’. मला या ‘वरीलप्रमाणे’चे फार कौतुक वाटते. मुद्रक कोण? तेच. प्रकाशक? तेच. संपादक? तेच. मालक? वरीलप्रमाणे. एका गृहस्थाने सर्व दारांवर स्वतःच उभे राहावे आणि आत येणाऱ्यास प्रत्येक दाराशी नव्याने नमस्कार करावा, तसा हा प्रकार.

याच आयोगाची दुसरी शिफारस पृष्ठसंख्येच्या प्रमाणात किंमत बांधून देण्याची होती, आणि तिच्यामागचा हेतू लहानांस मोठ्यांपासून वाचवण्याचा होता. तिचा कायदा १९५६ मध्ये झाला, दैनिकांसाठी आदेश १९६० मध्ये निघाला, आणि त्यास आव्हान दिले ते पुण्याच्या ‘सकाळ’ने. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द ठरवले. वाचकांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा बोलण्याच्याच अधिकाराचा भाग आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ. निकाल योग्य होता, असे माझे मत आहे. परंतु लहान पत्रांना हात देण्याचा जो एक मार्ग सुचला होता तो त्याने बंद झाला आणि दुसरा मार्ग कोणी तितक्या नेटाने शोधला नाही, हेही तितकेच खरे.

कागदाचा विषय निघाला आहे, आणि बऱ्हाणपूरच्या मनुष्यास तो टाळता येणार नाही. खांडव्याहून बऱ्हाणपुरास येताना मधे नेपानगर लागते. वर्तमानपत्राचा कागद देशातच व्हावा म्हणून १९४७ च्या जानेवारीत खाजगी भांडवलावर येथे एक कंपनी निघाली. ती चालवणे प्रवर्तकांस झेपेना, तेव्हा १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने कारभार हाती घेतला. आणि एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो कारखाना राष्ट्रास अर्पण केला. पुढे मालकी केंद्र सरकारकडे गेली. वर्षाला तीस हजार टन ही आरंभीची क्षमता. कच्चा माल सातपुड्यातील सालई आणि बांबू. जवळजवळ पाव शतक वर्तमानपत्री कागद करणारा हा देशातील एकमेव कारखाना होता. म्हणजे देशातील पत्रांच्या मालकीचा हिशेब मांडणारे कार्यालय आणि देशातील पत्रांचा कागद, दोन्ही १९५६ सालचीच, आणि त्यांपैकी एक आमच्या उंबऱ्याशी. राजपुऱ्याच्या बोळातील आमच्या छापखान्यात मात्र कागद उधारीवर आणि मोजून येई. विहिरीशेजारी घर असून पाणी विकत घ्यावे तसे. कोटा, परवाना, टनाचे हिशेब हे मोठ्यांचे; रीमवर छापणाऱ्याचा तेथे वशिला कसला?

त्याच १९५६ सालाने तिसरी गोष्ट केली, आणि तीच मराठी साप्ताहिकांस सर्वांत जड गेली. तोवर मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि राज्याच्या कारभारात हिंदीबरोबर मराठीसही स्थान होते. १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि बऱ्हाणपूर जेथल्या तेथे राहून दूर गेले. रावेरची शीव काही मैलांवर, बाजार तोच, सोयरिकी त्याच. परंतु इश्तेहाराची भाषा बदलली, आणि ज्या कोरड्या मजकुरावर कविता पोसली जात होती तो मजकूर दुसऱ्या पत्रांकडे वळला. साप्ताहिके बंद पडली ती कोणी बंद पाडली म्हणून नव्हे. त्यांच्या तिसऱ्या मालकाने आपला हिस्सा मुकाट्याने काढून घेतला, आणि उरलेल्या दोघांपैकी एक पैसे मागत होता व दुसरा देत नव्हता.

आज १८६७ चा कायदाही उरला नाही. नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ मार्च २०२४ पासून अमलात आला. आता दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन प्रतिज्ञा करावयास नको, घरबसल्या संगणकावर अर्ज करता येतो. ही सोय आहे, आणि मी तिच्याविरुद्ध नाही. एवढेच वाटते की आता कोणा सप्ऱ्यांस कोणा चतुर्वेदींच्या हाती सौम्य मजकुराचा कागद द्यावा लागणार नाही, आणि तो खिशात ठेवण्याचा प्रसंगही कोणावर येणार नाही.

राहिला प्रश्न या पत्रांच्या अंकांचा. एकोणिसाव्या शतकातील उत्तर हिंदुस्थान आणि मध्यप्रांतातील देशी पत्रांचे उतारे सरकारी भाषांतरकार दर आठवड्यास इंग्रजीत काढीत, वरिष्ठांच्या अवलोकनार्थ. ते गोषवारे दप्तरखान्यांत बांधणी करून ठेवलेले आहेत, आणि मूळ अंक विरून गेलेल्या कित्येक पत्रांचा आवाज आता फक्त त्या इंग्रजी उताऱ्यांतूनच ऐकू येतो. ज्यांनी पत्रांवर पाळत ठेवली त्यांनी ती जपली. ज्यांच्यासाठी ती निघाली त्यांनी ती रद्दीत घातली. वर्तमानपत्री कागद दीर्घायुषी नसतोच. लाकडाचा लगदा फारसा शुद्ध न करता तो बनवतात, उजेड लागला की तो पिवळा पडतो, आणि पन्नास वर्षांत घडीवर तुटतो. नेपानगरचा कारखाना २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी थांबला आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. आता तेथे सालई-बांबूऐवजी रद्दीची शाई धुऊन तिचा लगदा करतात. तेव्हा आमच्या एखाद्या माळ्यावरचा गठ्ठा फेरीवाल्याने तराजूत टाकला, तर तो त्याच जिल्ह्यात, वीस कोसांच्या आत, कोरा होऊन निघण्याचा पुरता संभव आहे.

म्हणून वाचकांस एक विनंती करून मी ही प्रस्तावना थांबवतो. बऱ्हाणपूर, खांडवा, रावेर, हरदा येथील ज्या घरांत जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे असतील त्यांनी ते इतक्यात काढून टाकू नयेत. सुतळी सोडावी, घड्या उलगडून अंक सपाट ठेवावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, आणि जवळच्या ग्रंथालयास कळवावे. सगळे ठेवणे शक्य नसेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्याचा अंक तेवढा बाजूस काढावा. मालकाचे नाव त्यात असते.